दायमाबादचा रथ आणि संग्रहालयाची पाटी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली सुरू होतात. एखादा किल्ला, एखादे देवस्थान, एखादे धरण आणि वाटेवर असेल तर वस्तुसंग्रहालय, असा बहुतेक सहलींचा बेत असतो. संग्रहालयाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. शंभर-सव्वाशे मुलांची रांग, पुढे एक शिक्षक, मागे एक शिक्षक. 'हात लावू नका', 'पुढे सरका' या सूचना. ज्यांना वही आणायला सांगितलेले असते ती मुले काचेवर वही टेकवून पाट्या उतरवून घेतात. परत आल्यावर 'आमची सहल' हा निबंध होतो आणि संग्रहालयाचे काम संपते.

या सगळ्यात शिक्षकांना दोष देण्याची पद्धत आहे. एवढी मुले सांभाळून नेणे आणि सुखरूप परत आणणे हेच केवढे मोठे काम आहे, हे दोष देणाऱ्यांना ठाऊक नसते. आमच्या मते दोषाचा मोठा वाटा मुले उतरवून घेतात त्या पाटीचा आहे. आपल्याकडच्या पुरातत्त्व दालनांतील पाट्यांवर साधारणपणे तीन गोष्टी असतात: वस्तूचे नाव, सापडल्याचे ठिकाण आणि काळ. गणिताच्या पेपरात एखाद्या मुलाने नुसते उत्तर लिहिले, तर आपण त्याला पूर्ण गुण देत नाही. 'रीत कुठे आहे?' असे विचारतो. पाटीवरचे 'इ. स. पूर्व २०००' हेसुद्धा उत्तरच आहे. ते कोणी काढले, कशावरून काढले, त्याची खात्री किती, याबद्दल पाटी गप्प असते आणि आपणही तिला विचारत नाही.

पुरातत्त्व हे शास्त्र आहे असे आपण वर्गात सांगतो. शास्त्र म्हणजे रीत. रीत लपवून नुसती उत्तरे मांडली, तर संग्रहालय काचेआडचे पाठ्यपुस्तक होते. हा आक्षेप किती गंभीर आहे हे पाहण्यासाठी दूर जायला नको. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) एकाच नदीच्या काठची तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

प्रवरेकाठची तीन गावे

प्रवरा नदी सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. तिच्या काठी संगमनेरजवळ जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आणि पुढे नेवासे अशी तीन गावे आहेत. भारताच्या प्रागितिहासाचे कोणतेही जाडजूड पुस्तक उघडा, ही तिन्ही नावे त्यात सापडतील.

जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि लाल रंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली मृद्भांडी मिळाली. अशीच भांडी नंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळू लागली, तेव्हा त्या सर्व वस्त्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडले. सुमारे तीन हजार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची ही संस्कृती. नगर जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव असे शास्त्राच्या परिभाषेत गेले आहे. जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना हे माहीत असते, याचा अंदाज प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात प्रश्न विचारून घ्यावा.

नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने लाडमोड नावाच्या टेकाडावर उत्खनन केले. ज्ञानेश्वरांच्या पैस खांबामुळे नेवाशाला सहली जातातच. टेकाडाकडे मात्र त्या सहसा वळत नाहीत. दायमाबादचा शोध १९५८ मध्ये भा. पां. बोपर्डीकर यांनी लावला. तेथे १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी, १९७४-७५ मध्ये शि. रं. राव यांनी आणि त्यानंतर १९७९ पर्यंत सा. आ. साळी यांनी उत्खनन केले. दायमाबादला एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. सर्वांत जुना थर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही आधीचा आणि सर्वांत वरचा जोर्वे संस्कृतीचा. त्यांतील एक थर उत्तर-हडप्पा काळाचा आहे. त्यात सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या बटनाच्या आकाराच्या मातीच्या मुद्रा आणि चिन्हे कोरलेली खापरे मिळाली. हडप्पा संस्कृतीची खूण इतक्या दक्षिणेला मिळावी, हे त्या वेळी आश्चर्याचे होते.

रथ कोणत्या काळचा?

दायमाबादचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र या खापरांमुळे नाही. १९७४ मध्ये तेथील एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यमूर्ती मिळाल्या. एक बैलजोडीचा रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. तो हाकणारा पुरुष उभा आहे आणि त्याची उंची १६ सेंटिमीटर आहे. रथाच्या दांडीवर एक कुत्राही आहे. रेडा चाकांच्या चौथऱ्यावर उभा आहे, गेंडाही चाकांवर आहे. हत्तीची चाके हरवली आहेत. चारही मूर्ती भरीव ओतकामाच्या आहेत आणि त्यांचे एकत्रित वजन ६० किलोपेक्षा जास्त भरते. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध नर्तिका जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दायमाबादच्या ओतकाऱ्यांची झेप कळते.

या मूर्ती कोणत्या काळच्या? दायमाबादचे उत्खनन करणाऱ्या देशपांडे, राव आणि साळी या तिघांनीही त्या उत्तर-हडप्पा काळातील मानल्या. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. पुस्तकांत बहुधा हाच काळ छापलेला असतो. परंतु धर्मपाल अग्रवाल या शास्त्रज्ञांनी मूर्तींच्या धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले. या धातूत सोमल म्हणजे आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे. आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तांब्यात असा सोमल मिसळल्याचे दिसत नाही. म्हणून या मूर्ती बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. यावर उलट उत्तर असे की सिंधूकाठच्या हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील काही वस्तूंत सोमल आढळतो. मग दायमाबादच्या मूर्ती तिकडच्या परंपरेतल्या का असू नयेत?

विद्यार्थी येथे विचारतील, 'अहो, पण प्रयोगशाळेत काळ मोजता येत नाही का?' हा प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकाने सविस्तर द्यावे. कार्बन-१४ पद्धतीने काळ मोजायचा तर वस्तूत एके काळी जिवंत असलेल्या पदार्थाचा कार्बन लागतो: लाकूड, कोळसा, धान्य, हाड. सजीव मेला की त्याच्यात नवा कार्बन-१४ येणे थांबते आणि असलेला ठरावीक गतीने घटत जातो. त्याचा अर्धायुकाल ५७३० वर्षे आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी जळलेल्या लाकडाच्या कोळशात मूळच्या कार्बन-१४ पैकी सुमारे ६५ टक्के उरलेला असतो. तो मोजून आणि आवश्यक त्या दुरुस्त्या करून काळ काढतात. कांस्यात हा कार्बन नाही. पोकळ मूर्तींच्या आत कधीकधी साच्याची भाजलेली माती राहून जाते आणि तिच्यावरून दुसऱ्या एका पद्धतीने, तापदीप्तीने, काळ काढता येतो. दायमाबादच्या मूर्ती भरीव असल्यामुळे तोही मार्ग बंद आहे.

मग उरतो एकच साक्षीदार, तो म्हणजे मूर्तींभोवतीची माती. त्या कोणत्या थरात होत्या? त्यांच्या शेजारी कोणती खापरे होती? कोळशाचा एखादा तुकडा होता का? की नंतरच्या एखाद्या काळात वरून खड्डा खणून त्या कोणी पुरून ठेवल्या होत्या? मूर्ती निघाल्या तेव्हा या प्रश्नांची उत्तरे मातीत होती. कुदळ चालली आणि उत्तरे विस्कटली. यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नाही. त्याने झाडाचे मूळ खणायला घेतले होते. आणि त्याच गावात उत्तर-हडप्पा काळाचा थर पुढे सापडला, एवढ्यावरून या मूर्ती त्याच थरातल्या ठरत नाहीत. वाड्याच्या तळघरात सापडलेली वस्तू वाड्याइतकीच जुनी असेल असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे.

डेन्मार्कमधील एक घोडा

अशीच एक गोष्ट युरोपात घडली. १९०२ मध्ये डेन्मार्कमधील ट्रुंडहोम येथे दलदलीची जमीन पहिल्यांदाच नांगराखाली येत होती. नांगरणाऱ्याला मातीत कांस्याचा एक घोडा मिळाला. घोडा चाकांवर उभा आणि त्याच्यामागे चाकांवरच एक मोठी तबकडी. तबकडीच्या एका बाजूला सोन्याचा पत्रा. हा 'सूर्यरथ' आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्याचा काळ इ. स. पूर्व सुमारे १४०० मानतात.

तोही थरांत मिळाला नव्हता. मग डॅनिश अभ्यासकांना इतकी खात्री कशी? तबकडीवर बारीक सर्पिल वळणांची नक्षी आहे. नेमकी त्याच धाटणीची नक्षी डेन्मार्कमधील इतर कांस्यवस्तूंवर आहे आणि त्या वस्तू दफनांत, इतर सामानासह, जागच्या जागी मिळालेल्या आहेत. त्यांचा काळ ठाऊक, म्हणून त्यांच्या जोरावर सूर्यरथाचा काळ ठरला. दायमाबादच्या मूर्तींना असा जामीन राहणारे नातेवाईक नाहीत. तशा मोठ्या, भरीव कांस्यमूर्ती योग्य थरात आपल्याकडे दुसरीकडे मिळालेल्या नाहीत. एका बाजूला पुराव्याची साखळी आहे आणि दुसऱ्या बाजूला तिच्या कड्या तुटलेल्या आहेत. दोन्ही रथ संग्रहालयात सारख्याच दिमाखाने उभे राहतात आणि दोघांच्या पाटीवर काळाचा आकडा सारख्याच ठामपणे लिहिला तर पाहणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

डेन्मार्कचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावासा वाटतो. अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग हे तीन शब्द आपण पाचवी-सहावीपासून शिकवतो. ही विभागणी कोपनहेगनच्या संग्रहालयातच जन्मली. ख्रिस्तियन थॉमसन हा तेथील व्यवस्थापक. १८१९ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या संग्रहातील वस्तूंची मांडणी करताना त्याने नुसते दगड एकीकडे आणि धातू दुसरीकडे असे केले नाही. कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर सापडली, याकडे त्याने लक्ष दिले आणि त्यावरून क्रम लावला. 'बरोबर काय सापडले' हा प्रश्न पुरातत्त्वाच्या मुळाशी आहे. हाच थॉमसन खेडुतांना स्वतः संग्रहालय फिरवून दाखवीत असे. पुढची वस्तू कोणाच्या नांगराला लागणार हे तो ओळखून होता.

खापराची किंमत

आता जोर्व्याच्या एका खापराकडे पाहू. त्याच्याजवळ मुले थांबत नाहीत. फुटके, तळहाताएवढे, लाल, त्यावर दोन काळ्या रेघा. पण पुराव्याच्या दृष्टीने त्याची पत रथापेक्षा मोठी आहे. असे खापर प्रवरेकाठी, भीमेकाठी, तापीच्या खोऱ्यात, अनेक उत्खननांत, ठरावीक थरांत, ठरावीक वस्तूंसोबत मिळाले आहे. त्या थरांतील जळक्या लाकडांचे आणि धान्याचे कार्बन-१४ ने काळ निघाले आहेत. त्यामुळे उद्या एखाद्या नव्या टेकाडावर असे खापर दिसले, तर अभ्यासक तेथल्या वस्तीचा काळ उभ्या उभ्या सांगू शकतो. रथावरून असे काहीच सांगता येत नाही. उलट रथाचाच काळ दुसऱ्या कोणीतरी सांगावा लागतो.

नेवाशाचे उदाहरण याहून बोलके आहे. ताम्रपाषाणयुगात तेथील लोक मृत बालकांना मातीच्या कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखाली पुरत. त्यांतील एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. माळेचा दोरा शिल्लक होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस यांचे तंतू आढळले. सुती-रेशमी धागा इतकी शतके मातीत टिकला कसा? तांब्याला गंज चढतो तेव्हा त्याचे क्षार शेजारच्या धाग्यात मुरतात आणि धागा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ते विषारी असतात. धातू गंजला म्हणून धागा वाचला. रसायनशास्त्राचा हा किती सुंदर पाठ आहे! त्या वेळी रेशमाचा धागा प्रवरेकाठी होता, तो आला कोठून, हा पुढचा प्रश्न. हे सगळे कळले ते माळ जागच्या जागी, मातीसकट, सावकाश उचलली म्हणून. ती कोणी उपटून काढून धुऊन-पुसून बाजारात नेली असती, तर हाती उरले असते फक्त काही मणी.

आमचा संग्रहालयांवरचा मुख्य आक्षेप येथे आहे. दालनाची मांडणी बहुधा देखणेपणावर होते. रथाला स्वतंत्र काचपेटी, प्रकाशझोत आणि मध्यवर्ती जागा. खापरांना भिंतीलगतची फळी आणि एकच सामाईक पाटी. पुराव्याची उतरंड याच्या नेमकी उलट आहे, ही गोष्ट मुलांना कोण सांगणार? उत्खननाच्या खड्ड्याचा उभा छेद दाखवणारे एक मोठे चित्र, त्यात प्रत्येक थराला रंग, आणि दालनातील प्रत्येक वस्तूवर तिच्या थराच्या रंगाचा एक ठिपका, एवढे केले तरी अर्धे काम होईल. ज्या वस्तूचा थर माहीत नाही तिच्यावर पांढरा ठिपका. मुले आधी पांढरे ठिपके मोजतील. मोजू द्यावेत.

संग्रहालयांची बाजूही मांडली पाहिजे. दायमाबादच्या मूर्ती आज जिल्ह्यात नाहीत, महानगरांतील मोठ्या संग्रहालयांच्या ताब्यात आहेत. गावची वस्तू गावाबाहेर का नेली, अशी तक्रार ऐकू येते. कांस्याला हवेतील दमटपणापासून जपावे लागते, चोरीपासून राखावे लागते, अभ्यासकांना ती सहज पाहता आली पाहिजे. ही कारणे खोटी नाहीत. पण मूळ वस्तू दूर ठेवायची असेल तर तिची उत्तम प्रतिकृती, छायाचित्रे आणि उत्खननाची हकीकत तिच्या जिल्ह्यात असणे हे देणे आहे, उपकार नव्हेत. श्रीरामपूरच्या मुलाने आपल्या तालुक्यातील रथ प्रथम पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यातील चित्रात पाहावा आणि त्याखाली आपल्या तालुक्याचे नावही नसावे, हे बरे नाही.

नगर शहरात काय पाहावे

नगर शहरात १९६० सालापासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र आहे. तेथील मोडी कागदपत्रे, नाणी, शस्त्रे आणि शिल्पे पाहताना वरचाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारता येतो. कागद बहुधा आपला काळ स्वतः सांगतो, खापर सांगत नाही. पण कागदावरचा काळही सरळ नसतो. मराठेशाहीच्या पत्रांत शुहूर सन असतो आणि चंद्राची तारीख असते. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवल्याशिवाय इसवी सन निघत नाही. म्हणजे येथेही रीत आहेच आणि ती आठवीच्या मुलाला करता येण्याजोगी आहे. नाण्यावर राजाचे नाव असते, पण नाणे राजा गेल्यावरही पुष्कळ वर्षे बाजारात फिरते. म्हणून नाणे सापडलेला थर त्या राजाच्या आधीचा नसतो एवढे नक्की म्हणता येते. नंतरचा असू शकतो. तर्कशास्त्राचा असा नेमका धडा फळ्यावर देणे कठीण जाते.

नगरचा भुईकोट किल्ला सहलीत असतोच. तेथे १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू स्थानबद्ध होते आणि तेथेच त्यांनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे सर्वजण सांगतात. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या बागकामाची हकीकत दिली आहे. फुलझाडांचे वाफे खणताना त्यांना जुन्या भिंती आणि जमिनीखाली गेलेल्या इमारतींच्या घुमटांचे माथे लागले. खोल खणायला परवानगी नव्हती, म्हणून खोदकाम तेवढ्यावर थांबले. किल्ल्याला जाण्याआधी वर्गात हा भाग वाचून दाखवावा. आपण ज्या जमिनीवरून चालतो ती कोणाच्या तरी घराचे छप्पर असू शकते, ही जाणीव मुलांना त्यातून होईल.

पांढर नाहीशी होत आहे

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पाटी अपुरी असली तर असली, मुलांना वस्तू तर दिसतात! उत्तर गावाच्या पांढरीत आहे. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडे, केरकचरा साचून वस्तीच्या जागी टेकाड तयार होते आणि त्याचा रंग पांढुरका होतो. वस्ती उठली तरी पांढर उरते. राख आणि हाडे यांमुळे तिच्यात पिकांना पोषक क्षार असतात. म्हणून जुन्या पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पूर्वी बैलगाडीने जेवढी माती जात असे, त्याच्या कितीतरी पट माती आज ट्रॅक्टर आणि जेसीबीने एका दिवसात जाते. बागाईत जमिनीचे सपाटीकरण, विटभट्ट्या, रस्त्यांचे भराव यांतही टेकाडे जातात.

पुरातत्त्वज्ञ ज्याला थर म्हणतात ते हेच. खत म्हणून शेतात पसरलेल्या पांढरीत खापरे राहतात, मणीही राहतात, पण कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या शेजारी होते, हे कायमचे पुसले जाते. फाटलेला ग्रंथ पुन्हा चिकटवता येतो. दळून पीठ झालेला ग्रंथ कसा चिकटवणार?

प्रवरेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यात पुढचा दायमाबाद कोठे तरी असेलच. तो प्रथम दिसेल तो पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याला नव्हे, एखाद्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाला. पाच-सात वर्षांपूर्वी तो आपल्याच वर्गात बसलेला असेल आणि सहलीत त्याने पाटी उतरवून घेतलेली असेल. 'जुनी वस्तू मौल्यवान असते' एवढेच तो त्या पाटीवरून शिकला असेल, तर तो वस्तू उचलील आणि घरी नेईल किंवा विकील. 'वस्तू जागेवर असेपर्यंतच बोलते' हे तो शिकला असेल, तर हात मागे घेईल, यंत्र थांबवील आणि कोणाला तरी बोलावील. संग्रहालयाच्या भेटीचे खरे मोल या एका क्षणी ठरणार आहे.

कायदाही मुलांना माहीत हवा. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. पुरावस्तूंच्या व्यापाराचे नियमन १९७२ च्या कायद्याने होते आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. गावात तलाठी, तहसीलदार यांच्यामार्फत किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला थेट कळवता येते.

शिक्षकांनी काय करावे

संग्रहालये पाट्या बदलतील तेव्हा बदलतील. तोवर शिक्षकांना स्वतः पुष्कळ करता येईल.

सहलीपूर्वी एक तास द्यावा. वर्गातली केराची टोपली आठवडाभर रिकामी करू नये. शनिवारी ती मुलांसमोर एका बाजूने हळूहळू उलगडावी. तळाशी सोमवारचा कागद, वर शनिवारचा. मधल्या एखाद्या कागदावर तारीख असली तर त्याच्या वरचे व खालचे कागद कोणत्या दिवसांचे, हे मुले स्वतः सांगतील. मग टोपली दुसऱ्या टोपलीत उपडी करावी आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. थर म्हणजे काय आणि थर मोडणे म्हणजे काय, याला दुसरी व्याख्या लागत नाही.

संग्रहालयात सर्व दालने पाहण्याचा हट्ट सोडावा. पाचपाच मुलांच्या गटाला एकच वस्तू द्यावी आणि पंधरा मिनिटे तिच्यासमोर बसू द्यावे. पाटी उतरवू देऊ नये. त्याऐवजी चार प्रश्न द्यावेत. ही वस्तू कशी सापडली? तिच्याबरोबर काय सापडले? तिचा काळ कशावरून ठरला? यांतले पाटी काय सांगते आणि काय सांगत नाही? जे सांगत नाही ते तेथील अभिरक्षकांना विचारावे. मुलांनी प्रश्न विचारले की अभिरक्षक खुलतात, असा आमचा अनुभव आहे.

सहलीनंतर निबंधाऐवजी प्रत्येक गटाने आपल्या वस्तूची नवी पाटी लिहावी. शंभर शब्दांची मर्यादा ठेवावी. जे नक्की आहे ते नक्की म्हणून आणि जे वादाचे आहे ते वादाचे म्हणून लिहावे. उत्तम पाट्या संग्रहालयाला पाठवाव्यात. एक सूचना मात्र कडक असावी: टेकाडावर खणायचे नाही आणि वर पडलेले खापरही घरी आणायचे नाही. पाहायचे, वहीत चित्र काढायचे, जागा लिहून ठेवायची आणि ते तेथेच ठेवायचे.

नमुना म्हणून दायमाबादच्या रथाची पाटी आम्ही येथे लिहून देत आहोत. शिक्षकांनी तिच्यात सुधारणा जरूर कराव्यात.

'बैलांचा रथ. कांस्य, भरीव ओतकाम. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. दायमाबाद, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर (आता अहिल्यानगर). १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना आणखी तीन प्राण्यांच्या मूर्तींसह मिळाला. उत्खननात, थरात मिळालेला नाही. दायमाबादचे उत्खनन करणाऱ्यांच्या मते उत्तर-हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून या काळाबद्दल शंका घेतली गेली आहे. धातूचा काळ थेट मोजता येत नाही. तुमच्या शेतात असे काही दिसले तर उचलू नका, आधी कळवा.'